कप्तान सांगेल ते बेट

क्रोएशियाच्या डाल्मेशिया किनाऱ्यावर बोटी आठवड्याच्या हिशेबाने भाड्याने मिळतात. शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास चढायचं आणि पुढच्या शनिवारी सकाळी नऊच्या आत उतरायचं. मधल्या काही तासांत खलाशी चादरी-टॉवेल बदलतात, गोड्या पाण्याच्या टाक्या भरून घेतात, डेक धुतात, बर्फ आणि भाजीची खोकी चढवतात; तोवर नवी मंडळी बॅगा ओढत धक्क्यावर हजर झालेली असते. मे ते ऑक्टोबर हे रहाटगाडगं चालू राहतं. हिवाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून घासायच्या, रंगवायच्या, वॉर्निश करायच्या. आपल्या कोकणात पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवतात. तिथे तीच विश्रांती थंडीत.

ही धावपळ मुद्दाम आधी सांगितली. ‘यॉट’ म्हटलं की पांढरी शुभ्र बोट, निळं पाणी आणि हातात पेला घेतलेली माणसं एवढंच आपल्या डोळ्यांसमोर येतं. मला विचाराल तर या सहलीचा जीव बोटीवरच्या चार नोकरदार माणसांत होता: कप्तान, स्वयंपाकी, खलाशी पोरगा आणि खोल्यांचं, वाढण्याचं पाहणारी मुलगी. क्रोएशियाच्या समुद्रात लहानमोठी बेटं आणि खडक मिळून बाराशेच्या वर आहेत, वस्ती असलेली जेमतेम पन्नास. त्यांची नावं कुठल्याही नकाशात सापडतात. पण आज कुठल्या बेटाच्या कुठल्या अंगाला नांगर टाकायचा, हे नकाशा सांगत नाही.

बोट ठरवली होती म्युनिकला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने. दादा-वहिनी, सत्तरी ओलांडलेली मावशी, भाच्याचं कुटुंब, माझी एक जुनी मैत्रीण आणि तिचे यजमान, असे आम्ही सगळे स्प्लिटला जमलो. बोट गुलेट जातीची होती. ही मूळची तुर्कस्तानच्या बोद्रुमकडची: लाकडी, दोन डोलकाठ्यांची, पिछाडीला रुंद आणि गोलसर. एके काळी त्या बोटींतून मासळी आणि समुद्रातले स्पंज आणले जात. आता पोटात खोल्या, वर लांबलचक जेवणाचं टेबल आणि पुढे उन्हात पडायला गाद्या. चढण्याआधी चपला काढून धक्क्यावरच्या टोपलीत टाकायच्या. सागवानी डेकवर बुटांचे डाग पडू नयेत म्हणून हा नियम आहे, पण मावशीला तो फार आवडला. “घरात आल्यासारखं वाटलं,” म्हणाली.

पहिल्या संध्याकाळी कप्तानाने टेबलावर नकाशा पसरला. दादाने दिवसवार कार्यक्रम छापून आणला होता. कप्तानाने तो नीट वाचला, आवडल्या ठिकाणांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि सांगितलं की क्रम मात्र हवामानाचं ऐकून ठरेल. व्हीएचएफ रेडिओवर किनाऱ्याची केंद्रं दिवसातून काही वेळा क्रोएशियन आणि इंग्रजीत अंदाज सांगतात. त्या वेळी बोटीवर कोणी मोठ्याने बोलायचं नाही, ही शिस्त मुलांनीही लगेच उचलली. मुलं त्याला ‘कॅप्टनकाका’ म्हणू लागली होती.

त्या समुद्रावर राज्य तीन वाऱ्यांचं. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आठवत असतील, तर माएस्त्राल ओळखीचा वाटेल. उन्हाळ्यात दुपारी तो वायव्येकडून येतो आणि दिवस मावळला की बसतो. बुरा ईशान्येकडून, किनाऱ्यामागच्या उघड्या डोंगरांवरून खाली कोसळतो. कोरडा, थंड, अचानक आणि झपाट्यांनी येणारा. तिसरा युगो. तो आग्नेयेकडून येतो, उबदार आणि दमट. चढायला वेळ घेतो, पण एकदा चढला की दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतो आणि लाटा मोठ्या करत नेतो. बुरा बहुधा लख्ख आकाशातून येतो, युगो ढग घेऊन. जुन्या डुब्रोव्हनिक प्रजासत्ताकात युगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय घेत नसत, असं सांगतात. दोन दिवस तो वारा अंगावर घेतल्यावर मला ते पटलं. डोकं जड होतं आणि माणसं एकमेकांवर चिडतात.

पहिला टप्पा ब्राच बेटावरचं बोल. तिथला झ्लात्नी रात म्हणजे समुद्रात घुसलेली पांढऱ्या गोट्यांची लांब जीभ, आणि वारा-प्रवाहाप्रमाणे तिचं टोक इकडेतिकडे वळतं. पर्यटनाच्या प्रत्येक पुस्तकात तिचा फोटो असतो, तेव्हा अधिक लिहीत नाही. ब्राचचा दगड मात्र लक्षात राहिला. स्प्लिटमध्ये रोमन सम्राट डायोक्लेशियनने इ. स. ३०५च्या सुमारास निवृत्तीसाठी बांधलेला राजवाडा या बेटाच्या पांढऱ्या दगडाचा आहे. त्या राजवाड्याच्या भिंतींत आजही लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत घालतात. ब्राचवरून परत वळून स्प्लिटकडे पाहिलं तेव्हा एका अख्ख्या शहराची खाण आपल्या पायाखाली आहे, हे जाणवलं.

बोलहून ह्वार बेटाकडे जाताना माएस्त्राल भरला आणि कप्तानाने इंजिन बंद करून शिडं चढवली. खरं सांगायचं तर जाहिरातीतल्या फुगलेल्या शिडांवर जाऊ नये. गुलेट बहुतेक वेळ इंजिनावरच चालते, ताशी आठ-नऊ सागरी मैल, आणि करारात दिवसाला साधारण चार तासांचा प्रवास धरलेला असतो. त्यामुळे ती शिडांची दुपार आमच्या वाट्याला आली याचं मोल वाटतं. इंजिनाची धडधड थांबली आणि लाकडाचा आवाज ऐकू यायला लागला. बोट एका अंगावर कलली. मावशीने कठडा धरला आणि हसत हसत रामरक्षा सुरू केली.

ह्वारवर बहुतेक लोक ह्वार शहरात उतरतात. आम्ही आधी उत्तरेच्या स्तारी ग्रादला उतरलो, आणि तसंच करावं. इ. स. पू. ३८४ मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी इथे वसाहत केली आणि गावामागच्या सपाट मैदानाची दगडी बांध घालून मोजून-मापून शेतं पाडली. ते बांध अजून आहेत. त्यांच्या आत द्राक्षं आणि ऑलिव्ह अजून पिकतात. २००८ मध्ये युनेस्कोने हे मैदान जागतिक वारशात घेतलं. दादाची उभी हयात भूमिअभिलेख खात्यात गेली. तो त्या बांधांवरून पावलं मोजत चालला आणि बराच वेळ कोणाशी बोलला नाही. चोवीसशे वर्षांत वाटण्या झाल्या असतील, भांडणं झाली असतील, मालक बदलले असतील. बांध मात्र हलला नाही, याचं त्याला जे वाटलं ते मला कळत होतं.

ह्वार शहरात गल्ल्या गर्दीने भरलेल्या. तिथलं एक दार मात्र चुकवू नये. जुन्या शस्त्रागाराच्या वरच्या मजल्यावर १६१२ मध्ये उघडलेलं नाट्यगृह आहे. उमराव आणि सामान्य गावकरी यांनी एकाच छताखाली बसून नाटक पाहावं, यासाठी ते उभारलं गेलं. त्या दोन वर्गांत शतकभर आधी तिथे रक्त सांडलं होतं, हे लक्षात घेतलं तर त्या छोट्याशा सभागृहाचं मोठेपण कळतं. तिकीट काढून नाटकाला जाणाऱ्या मराठी माणसाने तिथे दोन मिनिटं उभं राहायला हवं.

त्या रात्री रेडिओ ऐकून कप्तान टेबलाशी आला. उद्या संध्याकाळपर्यंत युगो येणार होता. आम्हाला जायचं होतं बिशेवो बेटाच्या निळ्या गुहेत. तिचं तोंड इतकं बुटकं की लहान होडीतही डोकं खाली घालून शिरावं लागतं. १८८४ मध्ये सुरुंग लावून ते माणसांसाठी मोठं केलं. सूर्यप्रकाश पाण्याखालच्या दुसऱ्या वाटेने आत येतो, आणि सकाळी अकरा-बाराच्या सुमारास आतलं पाणी खालून दिवे लावल्यासारखं निळं दिसतं. मुलांनी महिनाभर त्याच गुहेचे फोटो पाहिले होते. कप्तानाने शांतपणे सांगितलं की लाट आधीच वाढायला लागली आहे, गुहा बंद ठेवतील आणि त्यांनी उघडी ठेवली तरी मी तुम्हाला नेणार नाही. पहाटे निघून आपण व्हिस बेटावरच्या व्हिस गावाच्या खाडीत शिरू, ती दक्षिणेच्या वाऱ्यापासून आडोशाला आहे, आणि युगो ओसरेपर्यंत तिथेच राहू.

मुलं हिरमुसली. मोठ्यांपैकीही कोणी म्हणालं की पैसे मोजलेत तर निदान जवळ जाऊन तरी पाहू. कप्तानाने वाद घातला नाही, आणि निर्णयही बदलला नाही. पुढे व्हिसवर जे मिळालं त्यामुळे सांगत नाही, न मिळतं तरी माझं मत हेच राहिलं असतं: अशा सहलीत आपण पैसे मोजतो ते या ‘नाही’साठी. त्याच्या हाताखाली बोट आहे, तिच्यावर मुलं आणि म्हातारी माणसं आहेत, आणि त्याला हा समुद्र लहानपणापासून माहीत आहे.

कप्तान मूळचा व्हिसच्या पश्चिम टोकावरच्या कोमिझाचा. युगोने बोट बांधून ठेवली त्या रात्री त्याने फालकुशाबद्दल सांगितलं. कोमिझाच्या कोळ्यांची ही अरुंद, चपळ शिडाची होडी. बाजूच्या फळ्या काढता-घालता येणाऱ्या. तारलीच्या हंगामात या होड्या दूरच्या पलाग्रुझा बेटाकडे सुटत, सुमारे ४२ सागरी मैल. त्या बेटावर होड्या ओढायला जागाच थोडी, म्हणून जो आधी पोचेल त्याची जागा. वारा असला तर शीड, वारा पडला तर वल्ही, रात्रंदिवस. खारवलेली तारली हेच त्यांचं रोकड पीक होतं. हे ऐकताना मला हर्णै बंदरावरचे तांडेल आठवत होते; होड्यांची घडण वेगळी, पण वारा पडल्यावर वल्हं हातात घेणाऱ्या माणसाबद्दल बोलताना आवाजात येणारा मान तोच.

व्हिस हे बेट युगोस्लाव्ह लष्कराचा तळ होतं. १९८९ पर्यंत परदेशी पर्यटकांना तिथे पाऊल ठेवता येत नसे. उत्तर किनाऱ्यावर डोंगर पोखरून केलेला पाणबुड्यांचा बोगदा आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात टिटोने हुम डोंगराच्या गुहेत आपलं ठाणं मांडलं होतं. बंदीची किंमत बेटाने मोजली, तरुण माणसं काम शोधत बाहेर गेली. पण किनाऱ्यावर हॉटेलांच्या रांगाही उठल्या नाहीत. दगडी घरं, द्राक्षांचे मळे, बंदरात मोजक्या बोटी. या सगळ्या प्रवासात मला पुन्हा जायला आवडेल असं एकच बेट निवडायचं झालं तर मी व्हिस निवडीन.

कप्तानाने नात्यातल्या एकाची गाडी बोलावली आणि आम्हाला बेटाच्या मध्यभागी प्लिस्को पोल्येला पाठवलं. का, ते सांगितलं नाही. द्राक्षांच्या मळ्यांमध्ये एक सपाट मैदान, आणि मैदानात क्रिकेटची खेळपट्टी! मुलं गाडी थांबायच्या आत उतरली.

तिची गोष्ट अशी. नेपोलियनशी लढाया चालू असताना ब्रिटिश नौदलाने व्हिसवर तळ केला होता. १३ मार्च १८११ रोजी कॅप्टन विल्यम होस्टने चार जहाजांनिशी आपल्याहून मोठ्या फ्रेंच-व्हेनिशियन ताफ्याला इथल्या पाण्यात हरवलं. हाच होस्ट आपल्या माणसांना बेटावर क्रिकेट खेळायला लावत असे. ब्रिटिश गेले, खेळ विसरला गेला. जवळजवळ दोन शतकांनी बेटावरच्या लोकांनी तो पुन्हा सुरू केला आणि आपल्या क्लबला सर विल्यम होस्टचंच नाव दिलं. त्याच प्लिस्को पोल्येत दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांची धावपट्टी होती. बॉम्बहल्ल्यांहून परतताना इंजिनं निकामी झालेली विमानं इटलीपर्यंत पोचणार नसली की इथे उतरत. कित्येक वैमानिकांचे प्राण त्या मळ्यांतल्या आखूड पट्टीने वाचवले. आता तिथे वेली आहेत आणि वेलींच्या मधोमध यष्ट्या.

तिथल्या एका माणसाने मुलांच्या हाती बॅट आणि चेंडू दिला. दमट वारा, वर करडं आकाश, आणि माझा भाचा धावत येऊन गोलंदाजी करतोय. त्याचा मुलगा, म्युनिकमध्ये जन्मलेला, ज्याच्या वर्गात फुटबॉलखेरीज बोलणं नाही, तो फलंदाजी करतोय. निळ्या गुहेचा विषय त्यानंतर कोणी काढला नाही.

परत आलो तेव्हा स्वयंपाक्याने व्हिसची पोगाचा केली होती: दोन थरांच्या पावात कांदा आणि मांदेलीच्या जातीचे खारवलेले मासे. मावशीसाठी निराळी, कांदा आणि टोमॅटोची. बोट ठरवताना खाण्यापिण्याचा एक अर्ज भरून द्यावा लागतो. आम्ही त्यात मावशीचं सविस्तर लिहिलं होतं, आणि स्वयंपाक्याने तो अर्ज खरोखरच पाठ केला होता. चार्डची पानं आणि बटाट्याची ब्लिट्वा, निखाऱ्यांखाली झाकण घालून भाजलेल्या भाज्या, ताजं चीज, अंजिरं. मावशी एकाही जेवणाला पाव-लोणच्यावर राहिली नाही. हा माणूस पहाटे साडेपाचला पाव आणायला गावात जायचा आणि रात्री आमची भांडी आवरून नाळेकडच्या चिंचोळ्या खोलीत झोपायचा. त्याच्याबद्दल कृतज्ञता वाटली ती इथे लिहून ठेवते.

युगो ओसरला. आम्ही कोर्चुलाला गेलो, आणि तिथे वाऱ्याचा धडा दगडात मांडलेला दिसला. जुनं शहर माशाच्या काट्यासारखं: मधून एक रस्ता, दोन्ही बाजूंना समुद्राकडे उतरणाऱ्या गल्ल्या. पश्चिमेच्या गल्ल्या सरळ आहेत, उन्हाळ्यातला माएस्त्राल घरांत यावा म्हणून. पूर्वेच्या गल्ल्यांना मुद्दाम बाक दिलाय, बुरा थेट घुसू नये म्हणून. मध्ययुगात नगररचना करणाऱ्यांनी वाऱ्याशी असा करार केला होता. मार्को पोलोचं घर म्हणून एक घर दाखवतात. त्याला ठोस पुरावा नाही. त्याच्या ग्रंथात आपल्या ठाण्याचं वर्णन आहे, म्हणून आम्ही ते पाहिलं, एवढंच.

म्ल्येत बेटाचा पश्चिम भाग १९६० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. पाइनच्या दाट रानात समुद्राला चिंचोळ्या वाटेने जोडलेली दोन खारी तळी, मोठ्या तळ्यात एक बेट, त्यावर बाराव्या शतकातला बेनेडिक्टाइन मठ. तळ्याचं पाणी खुल्या समुद्राहून ऊबदार. मावशी शिडी धरून पाण्यात उतरली. दापोलीच्या विहिरीत पोहायला शिकलेली बाई. लग्नानंतर कधी पाण्यात शिरली नव्हती. खलाशी पोरगा तिच्या शेजारी पोहत राहिला, हात न लावता, पण हाताच्या अंतरावर.

त्याच रानातल्या पायवाटेवर मुंगूस आडवं गेलं. मावशीने हात जोडले. मुंगूस दिसणं शुभ. हे मुंगूस आपल्याकडचंच. १९१० मध्ये, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमलात, म्ल्येतवरचे विषारी साप मारायला भारतीय जातीची लहान मुंगसं आणून सोडली. साप कमी झाले, पण मुंगसं तिथेच थांबली नाहीत. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, पाली, कोंबड्या, सगळ्यांवर त्यांनी हात मारला. आज ती युरोपात घातक परकी जात ठरली आहेत. त्या प्राण्याचा त्यात काय दोष? त्याला कोणी विचारून बोटीत घातलं नव्हतं. बेट लहान असतं आणि तिथे केलेल्या कोणत्याही बदलाला बाहेर जायला वाट नसते, हे तिथे समोर दिसतं. आमचा कप्तान नांगरही पाहून टाकायचा. पाण्याखाली जिथे काळसर दिसतं तिथे पोसिडोनिया नावाचं समुद्री गवत असतं, माशांची पिल्लं त्यात वाढतात. साखळीने ते एकदा उपटलं की भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. तो फिकट वाळूचा पट्टा सापडेपर्यंत बोट फिरवत राही. दुसऱ्या बोटी सरळ गवतात नांगर सोडताना पाहिल्या आणि राग आला.

शेवटी डुब्रोव्हनिक. तटबंदीवर जागोजाग संत ब्लासियसची मूर्ती, हातात शहराची प्रतिकृती धरलेली. मी तिथे गोव्याचा विचार करत होते. तिसवाडीतल्या गवंडाळीला याच संताच्या नावाचं साव ब्राझ चर्च आहे, आणि सोळाव्या शतकात मसाल्यांच्या व्यापारासाठी गोव्यात आलेल्या इथल्याच व्यापाऱ्यांशी त्याचा संबंध सांगतात. ते आले शिडांच्या जहाजांनी, महिनोन् महिने वाऱ्याची वाट पाहत. पुढच्या वेळी जुन्या गोव्याला गेलात तर कुंभारजुव्याच्या वाटेवर गवंडाळीला थांबा.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियात युरो चालतो आणि व्हिसा शेंगेनचा लागतो. बोटीचं भाडं हा सगळा खर्च नव्हे. अनेक करारांत इंधन, बंदरशुल्क, अन्न-पाणी यांसाठी भाड्याच्या साधारण २५ ते ३५ टक्के रक्कम आगाऊ द्यायची असते, शेवटी हिशेब होऊन उरलेली परत मिळते. खलाशांची बक्षिसी वेगळी, ५ ते १५ टक्के. ती पाकिटात घालून कप्तानाकडे द्या, तो वाटतो. हात आखडता घेऊ नका. जुलै-ऑगस्ट टाळा, भाडं चढतं आणि बंदरात जागा मिळत नाही. जून किंवा सप्टेंबर घ्या. चार कुटुंबांनी मिळून घेतली तर ही सहल धनिकांचीच राहत नाही. आणि घरातली वडील माणसं बोटीची शिडी उतरू शकतात तोवर जा. त्यांच्या नावाची खोली आधी धरा, बाकीच्यांची नंतर.